अमेरिकी राजकारणातला पैसा आणि त्यावर लिहिलेलं नाव

डिसेंबर २०१२ मध्ये आपल्या संसदेत एका अमेरिकी कागदावरून मोठा गदारोळ झाला होता. किरकोळ व्यापारात परकी गुंतवणुकीला परवानगी द्यावी की नाही यावर लोकसभेत आणि राज्यसभेत नुकतंच मतदान झालं होतं. पाठोपाठ बातमी आली, की वॉलमार्टने २००८ पासून लॉबिंगवर, म्हणजे कायदे करणाऱ्यांपुढे आपली बाजू मांडण्यावर, सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च केले आहेत आणि ज्या विषयांसाठी केले त्यांच्या यादीत भारताच्या बाजारपेठेत प्रवेश हाही एक विषय आहे. त्या वेळच्या हिशेबाने सव्वाशे कोटी रुपये. विरोधकांनी विचारलं, हे पैसे इथे कुणाला वाटले? कंपनीचं म्हणणं होतं की हा खर्च अमेरिकेतला आहे, तिथल्या कायद्याप्रमाणे जाहीर केलेला आहे आणि भारत हा अनेक विषयांपैकी एक आहे. सरकारने निवृत्त न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची एकसदस्य समिती नेमली.

ती माहिती कुणी चोरून मिळवली नव्हती. वॉलमार्टनेच अमेरिकी सिनेटकडे दर तिमाहीला भरलेल्या विवरणपत्रांत ती लिहिली होती आणि ती विवरणपत्रं इंटरनेटवर कुणालाही वाचायला खुली होती. आपल्याकडे लॉबिंग म्हटलं की लाच हाच अर्थ मनात येतो. तिथे लॉबिंग हा नोंदणी करून चालवायचा व्यवसाय आहे आणि लाच हा वेगळा गुन्हा. हा फरक पकडला की निवडणुकीचा पैसा, लॉबिंग आणि लोकप्रतिनिधींचे आचारनियम या तिन्ही गोष्टी एकाच सुतात ओवता येतात. तिथला कायदा पैशाला फारसा अडवत नाही. तो पैशाला नाव विचारतो आणि ते कागदावर लिहून घेतो. ही पद्धत जिथे नीट चालते तिथे मला तिच्याबद्दल आदर वाटतो. पण नाव गाळता आलं, उशिरा देता आलं किंवा दुसऱ्याचं घालता आलं, की तिथून कीड लागते, आणि अशा जागा आता बऱ्याच झाल्या आहेत.

भेटायला येणारा माणूस

अमेरिकी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती १७९१ ची. भाषणस्वातंत्र्य आणि वृत्तपत्रस्वातंत्र्य यांच्याच ओळीत तिथे आणखी एक हक्क लिहिला आहे, सरकारकडे गाऱ्हाणं मांडण्याचा. शेतकऱ्याने आमदाराच्या दारात जाऊन पाणीप्रश्न सांगावा, तसाच हा हक्क. मात्र गाऱ्हाणं स्वतःच मांडावं असं घटनेत कुठे म्हटलेलं नाही. पगार देऊन दुसऱ्या कुणाला पाठवलं तरी चालतं. त्या पाठवलेल्या माणसाला लॉबिस्ट म्हणतात. लॉबिंगवर सरसकट बंदी घालायला निघालं तर ती घटनेच्याच आड येते, म्हणून सरकारने नोंदणीचा मार्ग धरला.

१९९५ च्या कायद्याने लॉबिस्टने नाव नोंदवणं सक्तीचं केलं. कोणत्या अशिलासाठी काम करतो, कोणत्या विधेयकावर बोललो, सभागृहाशी बोललो की एखाद्या खात्याशी, आणि त्यापोटी किती पैसे मिळाले, हे आता दर तीन महिन्यांनी लिहून द्यायचं. या नोंदींवरून दिसतं की केंद्रीय पातळीवरच्या लॉबिंगचा वर्षाचा खर्च आता ४ अब्ज डॉलरच्या वर गेला आहे. पैसे देणारे फक्त बडे उद्योग नसतात. कामगार संघटना, विद्यापीठं, रुग्णालयं, इतकंच काय शहरांच्या नगरपालिकाही वॉशिंग्टनमध्ये लॉबिस्ट ठेवतात.

हा माणूस दिवसभर करतो काय? चित्रपटात तो नोटांची बॅग घेऊन फिरतो. प्रत्यक्षात त्याच्या हातात बहुधा दोन पानांची टिपणं असतात. खासदाराच्या कार्यालयात विधेयकं वाचणारे साहाय्यक बरेचदा विशी-तिशीतले, कमी पगारावरचे आणि एकाच वेळी आठ-दहा विषय हाताळणारे असतात. त्यांच्यासमोर औषधांच्या किमतींवर वीस वर्षं काम केलेला माणूस येऊन बसतो, आकडे देतो, कोणत्या कलमाने काय होईल ते सांगतो आणि जाता जाता दुरुस्तीचा मसुदाही ठेवून जातो. अडलेल्याला तयार उत्तर मिळतं. यात गुन्हा काही घडत नाही. पण ज्याला असा माणूस पोसणं परवडत नाही त्याची बाजू त्या टेबलावर पोचतच नाही. लॉबिंगचं खरं वजन मला इथे दिसतं.

परदेशी सरकारांसाठी काम करणाऱ्यांना आणखी कडक कायदा आहे. तो १९३८ चा. नाझी जर्मनीचा प्रचार अमेरिकेत चोरपावलांनी येत होता, त्याला उजेडात आणण्यासाठी तो झाला. त्याखालची नोंदणी न्याय खात्याकडे होते आणि करारच्या करार तिथे वाचायला मिळतो. भारताचाही. आपल्या दूतावासाने अनेक वर्षं वॉशिंग्टनमधल्या लॉबिंग कंपन्या नेमल्या आहेत. २०२५ मध्ये त्यांनी एका कंपनीशी महिना दीड लाख डॉलरचा करार केला, हे आपल्याला कळलं ते त्या अमेरिकी नोंदीमुळे. भारतीय करदात्याच्या पैशाचा हिशेब अमेरिकी न्याय खात्याच्या संकेतस्थळावर सापडतो, याचा विचार आपण करायला हवा.

नोंदणीच्या कायद्यात एक मोठी फट आहे. एका अशिलासाठीच्या कामातला निदान २० टक्के वेळ लॉबिंगवर गेला तरच तो माणूस कायद्याने लॉबिस्ट ठरतो. एकोणीस टक्के गेला तर तो 'सल्लागार'. त्यामुळे माजी सिनेटर, माजी मंत्री अशी वजनदार माणसं सल्लागार म्हणून मोठ्या फर्ममध्ये बसतात. कुठला दरवाजा ठोठवायचा हे ती सांगतात, दरवाजा ठोठवायला दुसरा कुणी जातो, आणि नोंद त्या दुसऱ्याची होते.

देणं वेगळं, खर्च करणं वेगळं

निवडणुकीच्या पैशाकडे येऊ. हा भाग लोकांना सगळ्यांत किचकट वाटतो, कारण अमेरिकी कायदा 'देणं' आणि 'खर्च करणं' यांत फरक करतो आणि आपल्या मनात तो फरक नसतो. उमेदवाराच्या हातात पैसे ठेवले तर ते देणं. त्याच्या समर्थनार्थ मी स्वतः जाहिरात छापून आणली तर तो माझा खर्च.

बंधनं आणायचा प्रयत्न जुना आहे. १९०७ मध्ये कंपन्यांनी केंद्रीय निवडणुकीतल्या उमेदवारांना थेट पैसे देण्यावर बंदी आली. त्याआधी न्यूयॉर्कच्या विमा कंपन्यांनी विमेदारांच्या पैशातून थिओडोर रूझवेल्ट यांच्या प्रचाराला देणग्या दिल्याचं उघड झालं होतं. पुढे पासष्ट-सत्तर वर्षं नियम कागदावर होते, पण ते पाळले जातात की नाही ते पाहणारं कुणी नव्हतं. वॉटरगेट प्रकरणाने, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या माणसांनी विरोधी पक्षाच्या कार्यालयात केलेल्या घुसखोरीने, ते बदललं. निक्सन यांच्या निवडणूक समितीकडे रोख रकमा कशा येत होत्या, कंपन्या बंदी मोडून कसे पैसे देत होत्या, हे सगळं चव्हाट्यावर आलं. १९७४ मध्ये देणगीवर मर्यादा, खर्चावर मर्यादा आणि देखरेखीला केंद्रीय निवडणूक आयोग, असा भक्कम कायदा झाला.

तो जेमतेम दोन वर्षं टिकला. १९७६ च्या बकली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचे दोन तुकडे केले. देणगीवरची मर्यादा ठीक, कारण मोठी देणगी म्हणजे देवाणघेवाणीचा धोका. पण खर्चावरची मर्यादा घटनाबाह्य, कारण आजच्या काळात आपलं म्हणणं लोकांपर्यंत न्यायला पैसा लागतोच आणि त्या पैशावर टाच आणली तर बोलण्यावरच टाच येते. 'पैसा म्हणजे भाषण' हे वाक्य आपण ऐकतो त्याचं मूळ इथे आहे. अमेरिकेतली गेल्या पन्नास वर्षांची सगळी भांडणं या एका रेषेवर उभी आहेत.

याच निकालाने उमेदवाराला स्वतःचा पैसा हवा तितका ओतायची मुभा मिळाली. स्वतःच स्वतःला लाच कशी देणार, असा तर्क. २०२० मध्ये मायकेल ब्लूमबर्ग यांनी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळवण्यासाठी साधारण चार महिन्यांत पदरचे सुमारे १ अब्ज डॉलर घातले आणि जिंकलं काय, तर प्रशांत महासागरातलं अमेरिकन सामोआ नावाचा चिमुकला बेटसमूह. पण प्रत्येकाचा पैसा असा वाया जात नाही. चिकोडीत जन्मलेले आणि बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार यांनी २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या पक्षांतर्गत निवडणुकीत स्वतःचे लाखो डॉलर लावले आणि ते तिसरे आले. २०२२ मध्ये पुन्हा घरचा पैसा घालून ते डेट्रॉइटमधून प्रतिनिधिगृहावर निवडून गेले. एका मराठी माणसाने तिथवर मजल मारली याचा आनंद मलाही झाला. पण ज्याच्या खिशात ते लाखो डॉलर नाहीत, अशा डेट्रॉइटच्या एखाद्या शाळामास्तराला हा रस्ता खुला आहे का, हा प्रश्नही त्याच वेळी मनात येतो.

मग आलं २०१०. सिटिझन्स युनायटेड नावाच्या संस्थेने हिलरी क्लिंटन यांच्यावर टीका करणारा चित्रपट काढला होता आणि निवडणुकीच्या तोंडावर तो दाखवायला कायद्याची आडकाठी होती. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की कंपन्या आणि संघटनांनाही निवडणुकीवर स्वतंत्रपणे हवा तितका खर्च करता येईल. उमेदवाराला थेट देण्यावरची बंदी तशीच राहिली. दोनच महिन्यांनी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने पुढचं पाऊल टाकलं. खर्च स्वतंत्र असेल, तर त्यासाठी गोळा होणाऱ्या पैशालाही मर्यादा नको. त्यातून 'सुपर पॅक' जन्माला आले.

सुपर पॅक म्हणजे अमर्याद पैसे गोळा करून अमर्याद खर्च करू शकणारी समिती. अट एकच, उमेदवाराशी संगनमत नको. ही अट किती पातळ आहे ते पाहा. सुपर पॅक चालवणारे बहुधा उमेदवाराचेच जुने सहकारी असतात. उमेदवार आपल्या संकेतस्थळावर स्वतःचे मूक व्हिडिओ आणि मुद्दे टाकून ठेवतो, सुपर पॅक ते उचलून जाहिरात बनवतं, आणि कागदोपत्री कुणी कुणाशी बोललेलं नसतं. मार्च २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने घरोघरी जाऊन केलेल्या प्रचाराबाबत तर उमेदवाराशी समन्वयालाही हिरवा कंदील दाखवला. त्याच वर्षी इलॉन मस्क यांनी ट्रम्प आणि रिपब्लिकन पक्षाच्या मदतीसाठी २५ कोटी डॉलरहून अधिक पैसा लावला. बराचसा त्यांनीच काढलेल्या अमेरिका पॅकमधून गेला आणि दारोदार फिरणाऱ्या माणसांवर खर्च झाला.

मस्क यांचं नाव नोंदीत आहे, हे खरं. पण त्यांच्याच पैशाची दुसरी हकिगत पाहा. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आरबीजी पॅक नावाचं एक सुपर पॅक अचानक उगवलं. रूथ बेडर गिन्सबर्ग या दिवंगत न्यायमूर्ती म्हणजे गर्भपाताच्या हक्काच्या कट्टर पाठीराख्या. त्यांची आद्याक्षरं वापरून ट्रम्प यांची बाजू मांडणाऱ्या जाहिराती झळकल्या. गिन्सबर्ग यांच्या नातीने त्याला जाहीर विरोध केला. पैसा कुणाचा, ते मतदानाच्या दिवशी कुणालाच माहीत नव्हतं. महिना उलटल्यावर, डिसेंबरमध्ये, विवरणपत्र दाखल झालं आणि कळलं की २ कोटी ५ लाख डॉलर मस्क यांचे होते. नियम मोडला नव्हता. समितीच इतकी उशिरा काढली होती, की पहिला हिशेब द्यायची तारीख निवडणुकीनंतर येत होती.

साध्या माणसाची देणगी

माझी मामेबहीण न्यू जर्सीत राहते. ग्रीन कार्ड मिळाल्यावर तिने तिथल्या एका उमेदवाराला पहिल्यांदा देणगी दिली आणि मला फोन केला. "दादा, अरे यांनी मला कुठे नोकरी करतेस तेसुद्धा विचारलं!" ती जरा धास्तावली होती. पण तो नियमच आहे. एका निवडणूक चक्रात एका माणसाची देणगी २०० डॉलरच्या वर गेली, की त्याचं नाव, पत्ता, व्यवसाय आणि कुठे नोकरी करतो ते आयोगाला कळवावं लागतं, आणि आयोगाच्या संकेतस्थळावर ते कुणालाही शोधता येतं. मालकाचं नाव का विचारतात? एकाच कंपनीतल्या चाळीस जणांनी एकाच आठवड्यात एकाच उमेदवाराला सारखीच रक्कम दिली, तर ते दिसावं म्हणून.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. केंद्रीय असो, राज्याची असो की गावची, कुठल्याही निवडणुकीत देणगी देता येते ती फक्त नागरिकाला आणि ग्रीन कार्डधारकाला. एच-वन-बी व्हिसावर असाल, वीस वर्षं तिथे कर भरत असाल, तरी देणगी देणं बेकायदा आहे. उमेदवार घरच्या कार्यक्रमाला आला आणि शेजाऱ्याने भिडेने गळ घातली, तरी पाकीट बाहेर काढायचं नाही. ज्यांना देता येते त्यांना २०२५-२६ साठी मर्यादा आहे एका उमेदवाराला एका निवडणुकीत ३,५०० डॉलर. पक्षांतर्गत निवडणूक आणि मुख्य निवडणूक वेगळ्या धरतात, म्हणून एकूण ७,०००.

ही मर्यादा ओलांडायचा सगळ्यांत जुना मार्ग आपल्याला चांगला ओळखीचा आहे, बेनामी. मुंबईत जन्मलेले, मूळच्या गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबातले दिनेश डिसूझा हे अमेरिकेतले नावाजलेले उजवे लेखक. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या सिनेट निवडणुकीत मैत्रीण वेंडी लाँग उभ्या होत्या. डिसूझा यांनी आपल्या वाट्याची कमाल देणगी देऊन झाल्यावर ओळखीतल्या लोकांना त्यांच्या नावाने आणखी २०,००० डॉलर द्यायला लावले आणि ते पैसे त्यांना परत केले. २०१४ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला. पाच वर्षांचा प्रोबेशन, त्यातले आठ महिने सुधारगृहासारख्या केंद्रात मुक्काम आणि ३०,००० डॉलर दंड. २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली. डिसूझा यांचे समर्थक म्हणतात की इतक्याशा रकमेसाठी एवढी शिक्षा केली ती राजकीय आकसाने. मला रक्कम महत्त्वाची वाटत नाही. ज्या व्यवस्थेचा सगळा भार नावावर आहे, तिथे खोटं नाव घालणं म्हणजे पायाचाच दगड काढणं.

जिथे नावच नसतं

आता सगळ्यांत अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊ. अमेरिकी करकायद्यात 'समाजकल्याण संस्था' असा एक वर्ग आहे. गावच्या स्वयंसेवी अग्निशमन मंडळासारख्या संस्था त्यात येतात. या संस्थांना राजकारण हे आपलं मुख्य काम ठेवता येत नाही, पण काही प्रमाणात करता येतं, आणि देणगीदारांची नावं त्यांना जाहीर करावी लागत नाहीत. २०१० नंतर बड्या पैशाला ही वाट सापडली. कंपनी समाजकल्याण संस्थेला पैसे देते, ती संस्था सुपर पॅकला देते. सुपर पॅक इमानदारीने देणगीदाराचं नाव लिहितं, आणि ते नाव असतं त्या संस्थेचं. याला तिथे 'डार्क मनी' म्हणतात.

हे कागदावरचं वाटतं, म्हणून ओहायोची गोष्ट नीट सांगतो. फर्स्टएनर्जी नावाच्या वीज कंपनीच्या समूहातली दोन अणुवीज केंद्रं तोट्यात होती आणि त्यांना सरकारी मदत हवी होती. ओहायोचे एक राजकारणी लॅरी हाउसहोल्डर यांना राज्याच्या विधानगृहाचं अध्यक्षपद हवं होतं. 'जनरेशन नाऊ' नावाची समाजकल्याण संस्था निघाली. कंपनीच्या बाजूने तिच्यात आणि तिच्याभोवतीच्या जाळ्यात सुमारे ६ कोटी डॉलर आले. त्या पैशावर हाउसहोल्डर यांच्या गोटातले उमेदवार निवडून आले, जानेवारी २०१९ मध्ये ते अध्यक्ष झाले आणि त्याच जुलैमध्ये सहा क्रमांकाचं विधेयक मंजूर झालं. अणुकेंद्रांना १ अब्ज डॉलरहून अधिक मदत, आणि तिची वसुली ओहायोच्या घराघरातल्या वीजबिलातून.

लोकांनी कायद्याविरुद्ध सार्वमत घ्यायचं ठरवलं आणि सह्या गोळा करायला सुरुवात केली. तर टीव्हीवर जाहिराती झळकू लागल्या, की सावधान, चिनी सरकार तुमच्या वीजव्यवस्थेवर डोळा ठेवून आहे, या कागदावर सही करू नका! जाहिरातीचे पैसे कुणाचे हे बघणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. पुरेशा सह्या झाल्याच नाहीत. आपल्याच बिलातून ज्यांना मदत जाणार होती, त्यांच्याच पैशाने आपल्याला घाबरवलं जातंय, हे ओहायोच्या माणसाला कळलं असतं तर त्याने सही केली असती की नाही? नाव जाहीर होण्याचं मोल मला या एका प्रश्नात दिसतं.

पुढे एफबीआयने धागा पकडला. जुलै २०२० मध्ये हाउसहोल्डर यांना अटक झाली. त्या पैशातला काही भाग त्यांच्या फ्लोरिडातल्या घरासाठी आणि देणी फेडण्यासाठीही गेला होता. कंपनीने २०२१ मध्ये व्यवहार मान्य करून २३ कोटी डॉलर दंड भरला. २०२३ मध्ये हाउसहोल्डर यांना वीस वर्षांची शिक्षा झाली. अणुकेंद्रांची मदत त्याआधीच रद्द झाली होती. पण आतून बोलणारी माणसं आणि फोनवरची संभाषणं तपासयंत्रणेच्या हाती लागली म्हणून हे उघड झालं. नावं जाहीर करायचा नियम असता, तर मतदारालाच ते आधी दिसलं असतं.

नाव झाकण्याच्या बाजूनेही एक गंभीर मुद्दा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. १९५०च्या दशकात अलाबामा राज्याने कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेकडे सभासदांची यादी मागितली होती. ती यादी सरकारच्या हाती जाणं म्हणजे नोकरी जाणं, घरावर हल्ला होणं. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती यादी देण्याची गरज नाही असा निकाल दिला, आणि तो योग्यच होता. आज अब्जाधीशांचे वकीलही याच निकालाचा आधार घेतात. मला दोन्ही एका मापाने मोजता येत नाहीत. पाच डॉलर देणाऱ्या सभासदाला शेजाऱ्यापासून संरक्षण हवं. पाच कोटी डॉलर देऊन कायदा बदलून घेणाऱ्यापासून संरक्षण शेजाऱ्याला हवं. आणि ज्या २०१० च्या निकालावर इतकी टीका होते, त्यातही नावं जाहीर करण्याची अट न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी कायम ठेवली होती. पैसा मोकळा सोडताना कोण देतोय ते लोकांना दिसेल, असं न्यायमूर्तींनी गृहीत धरलं होतं.

टूथपिकवरचा घास आणि सोन्याच्या विटा

लोकप्रतिनिधींच्या आचारनियमांत काही ठिकाणी केवढा बारकावा आहे! जॅक अब्रामॉफ नावाच्या लॉबिस्टने खासदारांना परदेशी सहली आणि मेजवान्या दिल्या, मूलनिवासी जमातींकडून कोट्यवधी डॉलर उकळले आणि २००६ मध्ये गुन्हा कबूल केला. त्यानंतर २००७ मध्ये नियम आवळले गेले. लॉबिस्टने खासदाराला जेवू घालायचं नाही. समारंभात उभ्याने खायचा किरकोळ खाऊ मात्र चालतो. म्हणून तिथे लोक त्याला 'टूथपिकचा नियम' म्हणतात. काडीला टोचलेला घास चालेल, काट्या-चमच्याने बसून जेवण चालणार नाही. सरकारी कर्मचाऱ्याला एका वेळी २० डॉलरपर्यंतची भेट चालते आणि एकाच माणसाकडून वर्षाला ५० डॉलर.

सरकारी कचेरीतून देणग्या मागायलाही बंदी आहे. म्हणून खासदार संसद भवनातून बाहेर पडून जवळच्या पक्ष कार्यालयात जातात आणि तिथे बसून श्रीमंतांना एकामागून एक फोन लावतात. ज्या लॉबिस्टला जेवण द्यायला मनाई आहे, तोच संध्याकाळी त्याच खासदाराच्या निधीसंकलनाला हजारो डॉलरचा चेक घेऊन येऊ शकतो. जेवण ही भेट, चेक ही देणगी.

याहून मोठी गोष्ट म्हणजे नोकरीचं आमिष. २००३ मध्ये वृद्धांच्या सरकारी आरोग्ययोजनेत औषधं आली, पण सरकारने औषधकंपन्यांशी भावाची घासाघीस करायची नाही असं कलम त्यात होतं. ते विधेयक पुढे नेणाऱ्यांतले एक होते बिली टॉझिन, प्रतिनिधिगृहाच्या संबंधित समितीचे अध्यक्ष. जानेवारी २००५ मध्ये ते निवृत्त झाले आणि औषधकंपन्यांच्या संघटनेचे प्रमुख झाले. ते कलम २०२२ पर्यंत कुणी हलवू शकलं नाही. आज सिनेटरला निवृत्तीनंतर दोन वर्षं आणि प्रतिनिधीला एक वर्ष जुन्या सहकाऱ्यांकडे लॉबिंग करता येत नाही. पण सल्ला देता येतो.

लाचेची व्याख्याही न्यायालयाने बारीक करत आणली. व्हर्जिनियाचे गव्हर्नर बॉब मॅकडॉनेल यांनी एका उद्योजकाकडून रोलेक्स घड्याळासह सुमारे पावणेदोन लाख डॉलरच्या भेटी आणि कर्जं घेतली आणि त्याच्यासाठी अधिकाऱ्यांच्या बैठकी घडवून आणल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की बैठक घडवून आणणं एवढ्याने ते 'सरकारी कृत्य' होत नाही. २०२४ मध्ये इंडियाना राज्यातल्या पोर्टेज गावच्या महापौरांचं प्रकरण आलं. कचऱ्याच्या ट्रकचं कंत्राट मिळालेल्या कंपनीने नंतर त्यांना १३,००० डॉलर दिले होते. काम झाल्यावर दिलेली बक्षिसी त्या केंद्रीय कायद्याखाली लाच ठरत नाही, असा सहा विरुद्ध तीन मतांचा निकाल लागला. कामाआधी दिलं तर लाच, नंतर दिलं तर खुशी, हा भेद आपल्या कुठल्याही कचेरीत हेलपाटे घातलेल्या माणसाला पटणार नाही. मलाही पटत नाही.

तरीही कायदा अगदीच लुळा पडलेला नाही. न्यू जर्सीचे सिनेटर बॉब मेनेंडेझ यांच्या घरात सोन्याच्या विटा आणि कपड्यांच्या खिशांत, बुटांत दडवलेल्या नोटा सापडल्या. २०२४ मध्ये ते दोषी ठरले आणि पुढच्या जानेवारीत त्यांना अकरा वर्षांची शिक्षा झाली.

राखणदार

निवडणुकीच्या पैशावर नजर ठेवायला १९७४ च्या कायद्याने जो निवडणूक आयोग बसवला, त्यात सहा आयुक्त असतात. एका पक्षाचे तीनपेक्षा जास्त नकोत आणि निर्णयाला चार मतं हवीत. कुठल्याही पक्षाला आयोग हत्यार म्हणून वापरता येऊ नये, हा त्यामागचा हेतू चांगला होता. व्यवहारात तीन विरुद्ध तीन अशी कोंडी होते आणि तक्रार बारगळते. सहा जण नेमलेले असले तर ही गत. २०१९ मध्ये आयुक्तांच्या जागा इतक्या रिकाम्या राहिल्या, की चार जणही उरले नाहीत आणि पुढच्या वर्षीच्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीचा बहुतेक काळ आयोग निर्णयच घेऊ शकत नव्हता. २०२५ च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्षांनी एक आयुक्त काढून टाकल्या, आणखी काही जागा रिकाम्या झाल्या, आणि मे महिन्यापासून पुन्हा गणसंख्या उरली नाही.

गणसंख्या नसतानाही कार्यालय बंद पडत नाही. कर्मचारी रोज कामावर येतात. विवरणपत्रं येत राहतात आणि देणगीदारांची नावं, गावं, व्यवसाय संकेतस्थळावर चढत राहतात. त्यातलं एखादं नाव खोटं आहे अशी तक्रार तुम्ही पाठवलीत, तर तिची पोच मिळते, तिला क्रमांक पडतो आणि ती फाईलला लागते. तिच्यावर मत द्यायला चौथा माणूस येईपर्यंत ती तिथेच राहते, आणि अशा तक्रारींवर कारवाई करायची कायद्याची मुदत पाच वर्षांची आहे.